झाडामागचा पोलीस आणि तुझा डिपर

भाऊ,

गाडीची किल्ली मी अजून दोनदा खुंटीवरून काढते आणि दोनदा परत टांगते. तुझी तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, माझी रजा संपली आणि मी परत मनीषनगरातून पारशिवनीच्या बँकेत जायला लागले. रस्ता तोच आहे. शहर संपेपर्यंत मी बरी असते, कारण गर्दीत कुणाला जोरात जाता येत नाही. ज्या गर्दीला मी जन्मभर नावं ठेवली ती आता मला आवडते. कन्हानचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, की भीती सुरू होते. मागून कुणी हॉर्न दिला तरी मी गाडी सरळ खाली मुरमावर उतरवते. आणि पुढे ते नहराचं, कालव्याकाठचं वळण येतं, जिथे तुला गाडीने उडवलं. तिथे मी जीव मुठीत धरून, पहिल्या गिअरमध्ये जाते. परवा एक दूधवाला मोटारसायकलवरून ओरडला, "बाई, जमत नसंन तं घरी ठेवा ना गाडी!" तू असतास तर त्याला थांबवून चहा पाजला असतास आणि दोघांनी मिळून माझी टिंगल केली असती.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस" ही म्हण तू खास माझ्यासाठी राखून ठेवली होतीस. विहिरीत डोकावताना तीच, दहावीच्या निकालाला तीच, बाळंतपणाला दवाखान्यात नेतानाही तीच. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. पण आपण दोघांनी दुसरं केलं तरी काय? तू गेलास तेव्हा आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि आज सकाळी मला त्याचा निकाल एकटीने लावावा लागला. तो तुला आधी माझ्याच तोंडून कळावा.

माझी बदली पारशिवनीला झाली तेव्हा मी रडत तुझ्याकडे आले होते. तुझा तर तो रोजचाच रस्ता. लकडगंजातून पिकअपमध्ये तेल, साखर, डाळीची पोती भरायची आणि पारशिवनीकडच्या दुकानांत नेऊन टाकायची. तू म्हणालास, शीक गाडी. आणि स्वतः माझ्या बाजूला बसून शिकवलीस. पहिल्याच आठवड्यात तो प्रसंग झाला, आठवतो? पूल ओलांडून आपण जरा पुढे गेलो आणि तू हळूच म्हणालास, "थो पाय, निंबामागं उभा हाय."

झाडामागे वाहतूक पोलीस होता, हातात वेग मोजायचं यंत्र. माझ्याकडे लायसन होतं, पट्टा बांधलेला होता, गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. तरी माझी पाचावर धारण बसली.

"काहून भेऊन राहिली वं? तू का कोनाचं घर जाळलं?"

"पोलीस हाय ना गा भाऊ."

"म्हनूनच सांगतो. ज्याले लोकाईची काळजी हाय ना वैशे, थो झाडामागं लपत नाई. थो रोडच्या मधात उभा राह्यते, म्हनते हळू जा बाप्पा, पुढं गाव हाय. लपते कोन? ज्याले शिकार पायजे थो."

झाड मागे पडलं. समोरून एक ट्रक भरधाव येत होता. तू माझ्या हातावरून हात घालून दिव्याची दांडी दोनदा ओढलीस. डिपर. पुढे पोलीस आहे, सांभाळ, हे सांगायची आपल्याकडची ती जुनी रीत. कोण कुठला, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, काही माहीत नसताना माणूस समोरच्याला दिवा मारून सावध करतो. ट्रक मुकाट्याने हळू झाला. ड्रायव्हरने खिडकीतून हात वर केला.

"आता सांग," तू म्हणालास, "थ्याले हळू कोनं केलं? पोलिसानं का म्या? अन् म्या थ्याच्याजवळून पैसे घेतले का?"

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत. लग्नात, बारशात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता, कुणी नुसतं "चालान आलं" म्हटलं की तू सुरू व्हायचास. ज्याने कुणाचं नुकसान केलं त्याच्याकडून पै न् पै वसूल करा, पार घर विकायला लावा, माझी ना नाही. पण ज्याने कुणाच्या केसाला धक्का लावला नाही, त्याने नुसतं एका पाटीचं ऐकलं नाही, म्हणून त्याच्या खिशात हात घालायचा हक्क कुणी दिला? ती पाटी कोणी लावली? रस्ता पाहायला तरी आला होता का तो? आणि जो नियम सगळेच मोडतात त्याचा अर्थ एवढाच, की आज कुणाला धरायचं हे धरणाऱ्याच्या मर्जीवर. खड्ड्यावर मात्र तुझा आवाज चढायचा. "माह्यं चालान फाडते, मंग खड्ड्याचं कोन फाडन?" वहिनी आतून ओरडायच्या, भाजी जळली तरी चालेल पण हे भाषण आवरा.

लोकांना वाटायचं, ह्याला जोरात पळवायची हौस असणार, म्हणून हा दंडाच्या नावाने बोटं मोडतो. तू किती हळू चालवायचास हे सांगून कुणाला पटत नाही. तुझी पिकअप वरातीतल्या घोड्यासारखी चालायची. मला उशीर होत असला की मीच म्हणायची, दाब ना गा जरा. तू म्हणायचास, "मले कोनी सांगतलं म्हनून मी हळू नाई चालवत. माह्या मनानं चालवतो."

एकदा तू बाबांना मध्ये आणलंस. "बाबाले कोनी पाटी लावून सांगतलं होतं का, माग किती जोरात चालवाचा म्हनून? जोरात चालवला का सूत तुटते. सूत तुटलं का मानूस आपोआप हळू होते." आपल्या घरात हातमाग होता तोवर ते रोज डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे मला ते पटलंच होतं जवळजवळ. मग एकदम सुचलं आणि मी म्हटलं, "बाबाचं सूत तुटलं तं बाबाचंच नुकसान होये गा. रोडवर जोरात चालवनारा एक राह्यते, अन् सूत तुटते दुसऱ्याचं." तू गप्प बसलास. मी तुला गप्प केल्याचा तो पहिला प्रसंग होता. जरा वेळाने तू म्हणालास, "चहा मांड." मी कितीतरी दिवस सगळ्यांना हे सांगत फिरले. आता ते कुणाला सांगत नाही. ते मी बोलायला नको होतं असं वाटतं, जणू काही माझ्या बोलण्यानेच झालं.

आणि तुझा तो खाकी शर्ट. मालाची गाडी चालवणाऱ्याने खाकी घालावी असा नियम, नाहीतर दंड. तू तो सीटमागे टांगून ठेवायचास. नाका दिसला की अंगात चढवायचा, नाका गेला की काढायचा. चढवताना माझ्याकडे बघून म्हणायचास, "पाय वैशे, आता मी सज्जन झालो." त्या शेवटच्या संध्याकाळी गारठा होता, म्हणून तू तो काढलाच नाहीस.

त्या वळणाजवळ शेत असलेल्या नामदेवरावांची कापसाने भरलेली ट्रॉली नहराच्या ऐन वळणावर आस तुटून बसली होती. दिवस बुडत होता. त्यांनी सगळे करतात तसं केलं, रस्त्यावर चार दगड मांडले आणि पळसाच्या फांद्या टाकल्या. तू रिकामी गाडी घेऊन परत येत होतास. तुला काही कुणी बोलावलं नव्हतं. तू पिकअप बाजूला लावलीस, दिवे चालू ठेवलेस आणि वळणाच्या अलीकडे जाऊन खांद्यावरचा दुपट्टा हलवत उभा राहिलास, झाडामागे नाही, रस्त्याच्या मधात. नामदेवराव सांगतात, कितीतरी गाड्या तू हळू केल्यास. एका बसवाल्याने तर तुला हात जोडले. मग ती पांढरी कार आली.

मी बँकेतच होते. सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्यावर चादर होती. बाहेर बाकावर एक तिशीचा माणूस बसला होता, शर्टाला तुझं रक्त. त्यानेच तुला उचलून त्याच कारमधून आणलं होतं. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. तो जो येईल त्याला तेच तेच सांगत होता, मलाही सांगितलं.

"मले वाटलं पोलीस हाय मॅडम. खाकी दिसली, हात करून राह्यले होते. माह्यावर पयलेचेच चालान बाकी. गाडी जमा करतीन म्हनून म्या दाबली. बाजूनं निघून जाईन वाटलं."

भाऊ, मी त्याला मारलं नाही. शिवीसुद्धा सुचली नाही. मी त्याच्याच शेजारी बाकावर बसले. त्याला पाहून मला भीती वाटली, कारण तो वाईट माणूस दिसत नव्हता. दारू प्यायलेला नव्हता. तो माझ्यासारखा होता. निंबामागचा पोलीस पाहून मला जो घाम फुटला होता, तोच त्याला फुटला. फरक एवढाच की मी ब्रेकवर पाय ठेवते आणि त्याने दुसरीकडे ठेवला.

तुझं एक वाक्य तेव्हा कानात वाजत होतं. "भेव लागलं का मानूस पोलीस मागते. मंग पोलीस आला का थ्यालेच भेते. एकाचे दोन भेव झाले, फायदा का झाला?" मी हसले होते तेव्हा. बाकावर बसून वाटलं, तू उठून बसशील आणि म्हणशील, "सांगतलं होतं ना."

पण माझ्याकडेही एक उत्तर होतं. ते मला तुझ्या तेरवीच्या दिवशी सुचलं, पंगत वाढताना, हातात बुंदीचं ताट असताना. तुझा डिपर पाहून समोरचा ट्रक हळू का व्हायचा? तुझ्या प्रेमाखातर? पुढे पोलीस आहे या भीतीने तो हळू व्हायचा. झाडामागचा तो माणूस नसता तर तुझा डिपर म्हणजे नुसती दिव्याची उघडझाप होती. इतकी वर्षं तू ज्याला शिव्या दिल्यास त्याच्याच जोरावर तुझी परोपकाराची दुकानदारी चालली होती. मला इतका आनंद झाला की मी ताट घेऊन तुला शोधायला वळले. मग मला माझंच कळलं आणि मी ताट तिथेच खाली ठेवलं. तुझ्याकडे यावरही काहीतरी असणार होतं. नक्की असणार होतं. ते काय, हे मला आता कधीच कळणार नाही.

नामदेवराव तुझ्या तेरवीलाही आले होते. पार खचलेत ते, ट्रॉली आपली म्हणून. दोन्हीकडच्या गावांतल्या लोकांनी ठरवलंय की त्या वळणावर वेग पकडणारा कॅमेरा मागायचा आणि त्याच्या खांबावर तुझ्या नावाची पाटी लावायची. घरच्यांचा होकार हवा म्हणाले, रविवारी वळणावर या. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "त्याईचं अन् तुमचं भांडन होतं वैशालीताई. तुमीच ठरवा." तुझं नाव, दंडाच्या कॅमेऱ्यावर! तू तर वरून खडेच मारशील. मी मनात नाही म्हणायचं पक्कं केलं.

तेवढ्यात तुझ्या लेकीने नवीनच काढलं. "आत्या, बाबाची गाडी मी चालवीन. दुकानदार किती दिवस थांबतीन?" तू गौरीला गाडी शिकवलीस तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता मी देव पाण्यात घालून बसलेय. मी तिला परोपरीने सांगितलं, नोकरी बघ, शिकवण्या घे, काहीही कर. पालथ्या घड्यावर पाणी. तुझीच पोट्टी ती. परवा मी पिकअपमध्ये डोकावले तर सीटमागे नवा कोरा खाकी शर्ट टांगलेला.

"हा काढून टाक वं आधी!"

"नाका लागला तं? चालान होते ना आत्या."

मी तो शर्ट हातात धरून उभी राहिले. काढावा तर दंडाची भीती, ठेवावा तर ती तुझ्यासारखीच कुठेतरी गाडी थांबवून रस्त्यावर उतरेल आणि कुणाला तरी पोलीस वाटेल, याची भीती. शेवटी तो मी होता तिथेच टांगला. दुसरं काय करू, सांग ना.

आज सकाळी आम्ही दोघी वळणावर गेलो, तुझ्याच गाडीने. गौरीने चालवली आणि मी खिडकीच्या वरची कडी धरून बसले. नामदेवरावांच्या शेताच्या कडेला पाचपन्नास माणसं जमली होती. मी धीर करून त्या कारवाल्याचं वाक्य सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, तो मस्तीत नव्हता, तो दंडाला घाबरून पळत होता. मग मागून एक जण म्हणाला, "मंग तं दंड अजून वाढवाले पायजे." बाकीच्यांनी माना हलवल्या. भाऊ, तू असतास तर तिथे शेतातच बैठक मारली असतीस आणि संध्याकाळपर्यंत कुणाला उठू दिलं नसतंस. माझ्याच्याने ते झालं नाही.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. माझी पाठ रस्त्याकडे होती. मागून गाडीचा आवाज आला, आणि मी वळून पाहिलं तर गौरी रस्त्याच्या पलीकडे, त्या पळसाखाली, जिथे तुला पडलेलं पाहिलं असं नामदेवराव सांगतात, तिथे उभी होती आणि इकडे यायला पाऊल टाकत होती. मी किंचाळले. इतक्या जोरात किंचाळले की शेतातले बगळे उडाले. काही झालं नाही. ती एक साधी गाडी होती, बायकापोरं घेऊन देवळाला निघालेली, चालही बेताचीच. गौरी थांबली, गाडी गेली, मग ती रस्ता ओलांडून आली आणि माझा हात धरून म्हणाली, "आत्या, मी पाह्यली होती गाडी." सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिचा हात सोडला नाही.

मी म्हटलं, "लावा. लावा कॅमेरा. लवकर लावा."

हो भाऊ. तू नसताना, तुझ्या माघारी, मी हो म्हटलं.

नामदेवरावांनी लगेच पाटीच्या मजकुराचा कागद पुढे केला. तेव्हा मात्र मी म्हटलं, "नाव नाई लावाचं."

"काहून ताई? मधुभाऊचं नाव राहीन ना इथी."

"माह्या भावानं लपून कोनाले पकडलं नाई, नामदेवराव. थो मधात उभा होता."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पुन्हा नावाचा विषय काढला नाही.

परत येताना गौरीने वळण मागे टाकलं. मग म्हणाली, "म्हनजे शेवटी तू जिंकली म्हना." तिने सहजच म्हटलं असेल, पण मला हुंदका आवरला नाही. कसलं जिंकणं? तू हरल्यावर चहा मांडायला सांगायचास, ते जिंकणं होतं. हे नुसतं घाबरणं आहे. तू मला विचारशील, "मंग कॅमेरा कायले मागतला वं?" भेले म्हणून मागितला, भाऊ. तुझं सगळं बोलणं मला पाठ आहे, त्यातलं पुष्कळसं पटलेलंही आहे, पण गौरीचं पाऊल रस्त्यावर पडताना पाहिलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य मदतीला आलं नाही. उद्यापासून ती एकटी जाणार. तो कॅमेरा कुणाला थांबवेल की आणखी कुणाला पळवेल, हे मलाही माहीत नाही, आणि त्याचीही भीती आहेच.

पण एक मी ठरवलंय, आणि ते पुलाजवळ गाडी थांबवून गौरीलाही सांगितलं. तो खांब ज्या दिवशी उभा राहील, त्या दिवसापासून वळण ओलांडलं की समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला डिपर मारायचा. ट्रक असो, बस असो, पांढरी कार असो. एकही सोडायची नाही.

गौरी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आत्या, सगळ्याईले सांगतलं तं कॅमेऱ्यात सापडन कोन?"

मी म्हटलं, "कोनीच नाई सापडलं पायजे वं."